परवानगी एकाची, पाणी दुसऱ्याचं : पुणे महानगराच्या प्रादेशिक नियोजनाची समीक्षा

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजच्या विषयाचं नाव जड आहे – अनेक स्थानिक संस्थांच्या हद्दीत पसरलेल्या प्रदेशातली घरबांधणी आणि पायाभूत सुविधा यांचं नियोजन. नाव ऐकून उठून जावंसं वाटलं तर मी समजू शकते. पण तुमच्यापैकी ज्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, त्यांच्या रोजच्या जगण्याचाच हा विषय आहे.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा वेळ तुम्हाला ते तपासून बघता येईल. पुणे महानगरात घरं बांधायला परवानगी जी संस्था देते, तिच्यावर त्या घरांना पाणी पुरवण्याची जबाबदारी बऱ्याचदा नसते. आणि जिच्यावर ती जबाबदारी पुढेमागे येऊन पडते, तिला परवानगीच्या वेळी कुणी विचारलेलं नसतं. ही फट बुजवणं हे प्रादेशिक आराखड्याचं काम होतं. ते झालं नाही. म्हणून गेली जवळजवळ तीस वर्षं आपण एकच उपाय पुन्हा पुन्हा करतो आहोत, तो म्हणजे हद्दवाढ. आजची टीका या दोन्हींवर आहे – आराखड्यावर आणि हद्दवाढीवर.

प्रदेश म्हणजे नक्की कोण?

आधी पात्रपरिचय. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला पीएमआरडीए म्हणतो, ते २०१५ मध्ये स्थापन झालं. क्षेत्र सुमारे सात हजार चौरस किलोमीटर. गोवा राज्य तीन हजार सातशे चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे जवळपास दोन गोवे मावतील एवढा हा प्रदेश. हवेली, मावळ, मुळशी हे तालुके, शिवाय भोर, दौंड, शिरूर, खेड, पुरंदर आणि वेल्हे यांचे भाग.

आता या प्रदेशात कारभार कोणाकोणाचा? पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका. पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कटक मंडळं, आणि ती संरक्षण खात्याच्या अखत्यारीत. तळेगाव दाभाडे, लोणावळा, आळंदी, चाकण, सासवड अशा नगरपरिषदा. नगरपंचायती. जिल्हा परिषद. शेकडो ग्रामपंचायती. औद्योगिक पट्ट्यांत एमआयडीसी. रस्त्यांवर सार्वजनिक बांधकाम खातं, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि एमएसआरडीसी. धरणांवर जलसंपदा खातं. मेट्रोच्या पहिल्या दोन मार्गिका महामेट्रोच्या, तिसरी हिंजवडी-शिवाजीनगर मार्गिका पीएमआरडीएची.

हिंजवडीचंच उदाहरण घ्या, कारण दर पावसाळ्यात ती बातम्यांत येते. आयटी पार्क एमआयडीसीचं. भोवतालची वस्ती हिंजवडी, माण, मारुंजी या ग्रामपंचायतींची. त्या वस्तीतल्या टॉवरना परवानगी पीएमआरडीएची. तिकडे जाणारा रस्ता वाकडपर्यंत पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत. पाऊस मात्र ही हद्द बघून पडत नाही. डोंगराकडून येणारं पाणी ओढ्यानं खाली येतं, ओढा कुठे तरी भराव टाकून अरुंद केलेला असतो, आणि पाणी रस्त्यावर येतं. मग प्रत्येक कार्यालय खरंच सांगतं की हा भाग आमच्याकडे नाही. गंमत म्हणजे प्रत्येक जण खरं बोलत असतो.

या सगळ्यांना बांधून ठेवणारी एक गोष्ट हवी. आपल्या कायद्यात ती आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात 'प्रादेशिक योजना' ही कल्पना शहराच्या विकास आराखड्याच्या आधी येते. पुण्यासाठी अशी योजना १९९७ मध्ये मंजूर झाली. म्हणजे कल्पना नव्हती असं नाही. वर्तुळाकार रस्त्याची गोष्टही त्या काळापासून चालू आहे. त्यातून पुढे एक सोडून दोन रिंगरोड निघाले, एक पीएमआरडीएचा आणि एक एमएसआरडीसीचा. दोन संस्थांनी एकाच प्रदेशाभोवती दोन वर्तुळं आखली, यात आजच्या विषयाचा सारांश आला.

दहा हजार फ्लॅटचा हिशेब

आता थोडं गणित करू. घाबरू नका, गुणाकाराच्या पलीकडे जायचं नाही.

समजा एका पट्ट्यात दहा हजार फ्लॅटना परवानगी दिली. पुण्याच्या बाहेरच्या अंगाला हा आकडा मुळीच मोठा नाही. घरटी चार माणसं धरली तर चाळीस हजार लोक झाले. शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडचा प्रचलित निकष माणशी रोज १३५ लिटरचा आहे. म्हणजे रोज ५४ लाख लिटर पाणी. हे नळानं आलं नाही, तर दहा हजार लिटरच्या टँकरच्या ५४० खेपा. रोज. रात्रंदिवस धरलं तरी साधारण दर पावणेतीन मिनिटांनी एक टँकर गेटातून आत आला पाहिजे. आणि वापरलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के मैलापाणी म्हणून बाहेर पडतं, म्हणजे रोज सुमारे ४३ लाख लिटर. ते कुठे जाणार? जिथे मलवाहिनी नाही तिथे ते शेवटी ओढ्यात जातं.

आता हेच प्रदेशाच्या पातळीवर नेऊ. दहा लाख नवे लोक आले, तर वर्षाला सुमारे पावणेदोन टीएमसी पाणी लागतं. वाटेत एक तृतीयांश गळती धरली तर अडीच टीएमसीच्या वर. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी आहे, आणि एकट्या खडकवासल्याची जेमतेम दोन. म्हणजे दहा लाख माणसांची वाढ म्हणजे एक आख्खं खडकवासला आणि वर थोडं.

हे पाणी मोकळं पडलेलं नाही. त्याच साखळीवर हवेली, दौंड, इंदापूरची शेती आहे. कालव्याला पाणी कधी सोडायचं, शहराला किती, शेतीला किती, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि पाण्याच्या वाटपावर जलसंपत्ती नियमन प्राधिकरणही आहे. ज्या कार्यालयात चटई क्षेत्र ठरतं, त्या कार्यालयात पाणी ठरत नाही. एका टेबलावर मजले वाढतात आणि दुसऱ्या टेबलावर टीएमसी जागच्या जागी राहतात. मधे फाईल जात नाही.

मग परवानगी कशी दिली जाते? तर स्थानिक संस्था पाणी देईपर्यंत विकासकानं स्वतःच्या खर्चानं पाणी पुरवावं, अशी अट घालून. कागदावर अट चोख आहे. पण विकासक इमारत सोसायटीच्या ताब्यात देऊन पुढच्या प्रकल्पाकडे जातो. उरतो तो टँकरचा खर्च, तो देखभाल शुल्कात मिसळतो आणि घर घेणाऱ्याच्या खिशातून जातो. तो माणूस गृहकर्जाचा हप्ता भरतो, मिळकतकर भरतो आणि पाणी विकत घेतो.

हद्दवाढ नावाचं औषध

अशा वस्त्या वाढल्या की ओरड सुरू होते, आणि मग सरकार हद्दवाढ करतं. पुण्याचा इतिहास क्रमानं बघा.

१९९७ मध्ये ३८ गावं महापालिकेत आली. विरोध झाला, आणि काही वर्षांत त्यातली १५ गावं पूर्ण आणि ५ गावं अंशतः वगळली. जी आत राहिली, त्यांच्या टेकड्यांवर बांधकाम चालेल की नाही हा वाद २०१५ पर्यंत लोंबकळत होता. म्हणजे अठरा वर्षं. तेवढ्या काळात आत आलेल्या गावातलं मूल मतदार होतं.

पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली. जून २०२१ च्या शेवटी आणखी २३. पुणे महापालिका क्षेत्रफळानं राज्यात सर्वात मोठी झाली. पण २०१७ मध्ये आत घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. ही तीच गावं, जिथे पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं टाकला गेला. आधी गाव हद्दीबाहेर होतं म्हणून कचरा तिथे गेला. मग गावाला आत घेतलं. कर आला, सोयी आल्या नाहीत अशी तक्रार झाली. मग गाव बाहेर. या सगळ्या ये-जा करण्यात कचऱ्याचा डोंगर मात्र जागच्या जागी होता.

हे फक्त पुण्याचं नाही. कल्याण-डोंबिवलीची २७ गावं बघा. १९८३ मध्ये महापालिकेत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत, आणि २०२० मध्ये त्यातली १८ वेगळी करण्याचा निर्णय, आणि तोही न्यायालयात. चाळीस वर्षांत त्या गावकऱ्यांनी घर बदललं नाही, पण पालिका बदलत राहिली.

आता कुणी म्हणेल, शहर वाढलं की हद्द वाढणारच, त्यात चूक काय? तत्त्वात काहीच नाही. माझा आक्षेप क्रमावर आहे. आपल्याकडे आधी इमारती येतात, मग लोक, मग टँकर, मग मोर्चा, मग हद्दवाढ, आणि सगळ्यात शेवटी आराखडा. हद्दवाढीच्या अधिसूचनेसोबत जलवाहिनी येत नाही. त्या गावाच्या नावापुढचं कार्यालय बदलतं, एवढंच.

२०२१ ची २३ गावं

या २३ गावांच्या बाबतीत तर एक चमत्कारिक व्यवस्था झाली. गावं महापालिकेत आली जूनअखेर. जुलैत शासनानं ठरवलं की या गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण पीएमआरडीएच राहील. याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्या. रस्ता, पाणी, मैलापाणी, कचरा, दिवे ही कामं महापालिकेची. बांधकाम परवानगी आणि जमिनीच्या वापराचा आराखडा पीएमआरडीएचा. आणि परवानगीसोबत जे विकास शुल्क येतं, तेही परवानगी देणाऱ्याकडे.

विकास शुल्क कशासाठी असतं? नव्या बांधकामामुळे ज्या सोयी लागतील, त्या उभ्या करण्यासाठी. इथे शुल्क एका तिजोरीत आणि सोयींचं काम दुसऱ्या तिजोरीवर. मग दोन संस्थांमध्ये पत्रव्यवहार सुरू होतो, बैठका होतात, पैसे वर्ग करा अशा मागण्या होतात. मी कुणा अधिकाऱ्याच्या हेतूबद्दल बोलत नाही. दोन्हीकडे मन लावून काम करणारे लोक आहेत. पण रचना अशी असेल की वाढीचा फायदा एकाला आणि वाढीचा भार दुसऱ्याला, तर वाढ थांबवण्याचं किंवा तिला आवर घालण्याचं कारण पहिल्याकडे उरत नाही.

याची किंमत काय, ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. मज्जातंतूंवर हल्ला करणारा हा आजार. हातापायांतली ताकद जाते, काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावं लागतं. एरवी दुर्मीळ, पण त्या साथीत दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि काही माणसं दगावली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, आणि संशय पाण्यावर गेला. नांदेड गावच्या ज्या विहिरीतून भागाला पाणी जात होतं, तिथे जलशुद्धीकरण केंद्र नव्हतं. निर्जंतुकीकरणाचं औषध टाकून पाणी पुढे जात होतं.

जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. खडकवासला धरणाच्या भिंतीपासून नांदेड, किरकटवाडी किती लांब आहे? हाकेच्या अंतरावर. ज्या धरणाचं पाणी शुद्ध होऊन मध्यवर्ती पेठांत जातं, त्या धरणाच्या पायथ्याच्या वस्तीला शुद्ध केलेलं पाणी नव्हतं. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही आपली जुनी म्हण आहे. इथे तर पाणी होतं, ते शुद्ध करण्याची जबाबदारी नेमकी कधी आणि कोणाची सुरू झाली हेच स्पष्ट नव्हतं. ग्रामपंचायत असताना बारा-बारा मजले उभे राहिले. महापालिका आली, तिनं जुनीच विहीर चालू ठेवली. या दोन टप्प्यांच्या मधे कुठे तरी जलशुद्धीकरण केंद्राचा विचार झाला पाहिजे होता, आणि तो प्रदेश म्हणून विचार करणाऱ्या कुणी तरी करायला हवा होता.

आराखडा आला आणि गेला

आता आराखड्याकडे येते. ऑगस्ट २०२१ मध्ये पीएमआरडीएनं प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२५ मध्ये शासनानं तो आराखडाच रद्द केला. चार वर्षं गेली. २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या त्या २३ गावांचा आराखडाही त्यातच होता, तोही गेला.

बातम्यांत चर्चा झाली ती आरक्षणांची. कुणाच्या जमिनीवरून रस्ता गेला, कुणाची वाचली, कुणाचा पट्टा हिरवा राहिला, कुणाचा पिवळा झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे प्रश्न जिवाचे आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. पण माझ्या मते आराखड्याचं मूळ दुखणं दुसरं होतं, आणि त्याबद्दल तीन गोष्टी म्हणते.

पहिली. आराखडा दोन्ही महापालिकांची जुनी हद्द सोडून होता. म्हणजे पोळीची कडा आखली आणि मध्य मोकळा ठेवला. बाहेरच्या लोकांची नोकरी, पाणी, मैलापाणी, बस हे सगळं मध्याशी जोडलेलं. ज्या नकाशात हिंजवडी आहे पण वाकड नाही, वाघोलीच्या पुढचं आहे पण खराडी नाही, त्या नकाशावर वाहतुकीचा विचार पूर्ण कसा होणार?

दुसरी. लोकसंख्या. २०११ नंतर जनगणना झाली नाही. २०११ मध्ये पुणे शहर ३१ लाख आणि पिंपरी-चिंचवड १७ लाख होतं. त्यानंतर सगळं अंदाजावर. अंदाज करावाच लागतो, पण मग आराखड्यात 'लोकसंख्या अशी वाढली तर काय, तशी वाढली तर काय' असे पर्याय हवेत. एकच आकडा धरून वीस वर्षांचे रंग भरणं धोक्याचं आहे.

तिसरी, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची. आराखड्यानं जमीन वाटली, पाणी वाटलं नाही. ते त्याच्या हातातच नव्हतं. हे काम राज्यघटनेनं ज्या समितीकडे दिलं आहे, ती कागदावर आहे पण चालत नाही.

ही समिती म्हणजे महानगर नियोजन समिती. ७४ वी घटनादुरुस्ती, अनुच्छेद २४३ झेडई. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी अशी समिती असावी. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातल्या पालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडावेत. आणि मसुदा आराखडा करताना तिनं काय बघावं? पालिका आणि पंचायतींच्या समाईक हिताच्या बाबी, जागेच्या वापराचं एकत्रित नियोजन, पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, सुविधांचा एकात्मिक विकास. मी आज जे मागते आहे ते सगळं १९९३ पासून राज्यघटनेत आहे. महाराष्ट्रानं त्यासाठी १९९९ मध्ये कायदाही केला.

पुण्यात काय झालं? प्रारूप आराखडा आला ऑगस्ट २०२१ मध्ये. समितीवर सदस्य निवडण्यासाठी निवडणूक झाली नोव्हेंबर २०२१ मध्ये. आधी स्वयंपाक, मग काय शिजवायचं ते ठरवायला घरच्यांची बैठक. आणि पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकांची मुदत संपली, साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक राहिले. नगरसेवकच नाहीत, तर नगरसेवकांतून निवडलेले सदस्य कुठून राहणार? मैदान प्राधिकरणाला मोकळं. त्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री, कारभार आयुक्तांचा. मग निर्णय वरून येतात आणि वरूनच रद्द होतात. २०२५ मध्ये तेच घडलं.

वरचे आणि खालचे

प्रदेशाचा विचार करताना आणखी दोन लोकांना बैठकीत बोलवावं लागतं. एक पाण्याच्या वरच्या बाजूचे, एक खालच्या.

वरच्या बाजूचे म्हणजे मावळ. पिंपरी-चिंचवडला पाणी पवना धरणातून. धरणापासून थेट बंद जलवाहिनी आणायची योजना झाली. मावळातल्या शेतकऱ्यांना भीती की नदीत पाणीच राहणार नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मारले गेले. काम पुढे वर्षानुवर्षं अडलं. शहराला पाणी हवं हेही खरं, आणि ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांना विचारायला हवं हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टींनी समोरासमोर बसावं अशी जागा नव्हती, म्हणून ते भांडण रस्त्यावर आलं.

खालच्या बाजूचे म्हणजे दौंड, इंदापूर आणि सोलापूर. मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीत जातं. सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. आपल्या दहा हजार फ्लॅटचं ते रोजचं ४३ लाख लिटर मैलापाणी आठवा. ते शुद्ध केलं नाही, तर त्याचा हिशेब कुठे होतो? प्राधिकरणाच्या नकाशाच्या बाहेर. तिकडे इंद्रायणीवर आळंदीत फेस येतो, तेव्हा वारकरी स्नानाला उभे असतात आणि वरच्या अंगाला महापालिका, नगरपरिषदा, कारखाने, ग्रामपंचायती सगळे एकमेकांकडे बोट दाखवत असतात.

मग घरं बांधायचीच नाहीत का?

हा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. पाणी नाही म्हणून परवानग्या थांबवल्या, तर पुण्यात येणारी माणसं येणं थांबत नाही. कायदेशीर घर महाग होतं आणि माणूस गुंठेवारीत जातो, जिथे रस्ता दहा फुटी आणि मलवाहिनी नाहीच. म्हणजे नुसती बंदी घातली तर ओझं गरिबावर पडतं. त्यामुळे मी बंदी मागत नाही. घरं हवीत, आणि भरपूर हवीत. मागणी एवढीच की परवानगी आणि सोय यांची गाठ मारा.

ते जमतं याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. पुण्याचं शिवाजीनगर, म्हणजे जुनं भांबुर्डे, इथे शंभर वर्षांपूर्वी नगररचना योजना झाली. जमीनमालकांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, उरलेले नीट आकाराचे भूखंड परत करायचे, आणि वाढलेल्या किमतीतून खर्च भागवायचा. तिथले रस्ते आजही चालायला बरे वाटतात याचं कारण हे आहे. पीएमआरडीएनं म्हाळुंगे-माण इथे पुन्हा हा मार्ग धरला, आणि त्याबद्दल प्राधिकरणाला श्रेय द्यायला हवं.

दुसरं उदाहरण पीएमपीचं. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरीच्या दोन बससेवा एक झाल्या. तुटीचा वाटा ठरला – साठ टक्के पुणे, चाळीस टक्के पिंपरी-चिंचवड. पीएमपीवर तुम्ही हजार तक्रारी कराल, मीही करते. पण बस दिघीवरून आळंदीला जाताना हद्दीवर थांबत नाही. दोन संस्थांनी खर्चाचं सूत्र लिहून घेतलं म्हणून ते जमलं. बससाठी होतं ते पाण्यासाठी आणि मैलापाण्यासाठी का होऊ नये?

म्हणून आता नवा आराखडा येईल तेव्हा तुम्ही हरकत नोंदवाल, तर फक्त आपल्या सर्व्हे नंबरपुरती नोंदवू नका. तीन प्रश्न विचारा. एक – या पट्ट्यात जेवढी माणसं धरली आहेत, त्यांचं पाणी कोणत्या धरणातून, कोणत्या वर्षी, आणि जलसंपदा खात्याची त्याला लेखी मंजुरी आहे का? दोन – इथलं विकास शुल्क वेगळ्या खात्यात ठेवून, जी संस्था सोय करणार तिलाच मिळेल का? तीन – महानगर नियोजन समितीनं हा आराखडा केला आहे, की तिच्यासमोर फक्त ठेवला आहे? या तीन ओळी आराखड्याच्या अहवालात छापलेल्या नसतील, तर नकाशातले रंग कितीही सुंदर असोत, तो आराखडा अपुरा आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सगळा प्रदेश मिळून एकच मोठी महापालिका केली तर हे वाद मिटणार नाहीत का?

उत्तर : काही मिटतील. हिंजवडीसारख्या ठिकाणी शहराशी जोडणं योग्यही असेल. पण मावळातल्या, मुळशीतल्या डोंगरी गावाला महापालिकेचा कर आणि महापालिकेपासूनचं अंतर, दोन्ही परवडणार नाही. आणि एकच महापालिका केली तरी जलसंपदा खातं वेगळंच राहणार, एमआयडीसी वेगळीच, कटक मंडळं वेगळीच, सोलापूर तर बाहेरच. वाटणीची बोलणी करण्यातून सुटका नाही. ती बोलणी उघड व्हावीत आणि लिहून ठेवली जावीत, एवढं आपण मागू शकतो.

प्रश्न : आमची सोसायटी वाघोलीत आहे. आराखडा रद्द झाला, आता आम्ही काय करायचं?

उत्तर : आराखडा रद्द झाल्यानं तुमच्या इमारतीच्या परवानगीतल्या अटी रद्द होत नाहीत. मंजुरीचा आणि भोगवट्याचा कागद काढा. त्यात पाण्याबद्दल विकासकावर काय बंधन आहे, ते वाचा. माहितीच्या अधिकारात विचारा की तुमच्या प्रकल्पाचं विकास शुल्क किती जमा झालं आणि त्यातून तुमच्या भागात काय खर्च झालं. शेजारच्या पाच-सात सोसायट्या मिळून विचारा. एका सोसायटीला टँकरचं उत्तर मिळतं. दहा सोसायट्यांनी मिळून विचारलं, तर जलवाहिनीचं उत्तर तयार करावं लागतं.